नाताळला प्लम केक की कुलकुल (वळून तळलेला गोड खाऊ)?

केकला मेहनत कमी, पण सुकामेवा आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवावा लागतो. निथळून चमचाभर मैद्यात घोळवला नाही तर तळाशी बसतो. 160 अंशांवर साधारण 50 मिनिटं; मध्येच ओव्हन उघडलात तर केक खचलाच म्हणा. इंदूरच्या थंडीत 3-4 दिवस टिकतो.

कुलकुलला ओव्हन नको. पाव किलो मैदा, मूठभर रवा, पिठीसाखर, 2 चमचे कडकडीत तुपाचं मोहन, नारळाचं दूध. गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चे, दुसऱ्या दिवशी मऊ! मंद आचेवर तळलेले 15 दिवस कुरकुरीत. वळायला मात्र चार हात हवेत.

मुलं हाताशी असतील, डबे वाटायचे असतील तर कुलकुल. माणसं मोजकी, सकाळी जीरावण (इंदुरी मसाला) घातलेल्या पोह्यांनंतर चहासोबत काप हवा, तर केक.