पार्किन्सन्ससाठी घरातली व्यायामाची सायकल : सगळं बरं, पण पेडलचा पट्टा!

मॅग्नेटिक रेझिस्टन्स (चुंबकाने पेडल जड-हलकं होतं), त्याच्या आठ लेव्हल, सरळ बसायची सीट. बाकी माहिती खोक्यावर असतेच. लिहायचं निमित्त एवढंच की डाव्या पेडलचा पट्टा भोकापाशी तुटला आणि सर्व्हिसवाले म्हणाले, पट्टा वॉरंटीत नाही, सुटा मिळत नाही, पेडलची जोडी घ्या. वीतभर रबरासाठी जोडी!

धडधाकट माणसाचं पट्ट्यावाचून काही अडत नाही. पार्किन्सन्समध्ये मात्र ज्या बाजूला त्रास जास्त, तिथला पंजा आत वळतो, बोटं आखडतात, आणि वेग वाढला की पाऊल सरकत सरकत निसटतं. मग शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण, धास्तावून हळू पेडल मारतो. इथे तर सगळी मदार वेगावर. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयातले संशोधक जे अल्बर्ट्स यांच्या गटाने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शुभार्थींना जोडसायकलवर मिनिटाला 80 ते 90 फेऱ्यांच्या वेगाने पेडल मारायला लावलं होतं. 8 आठवड्यांनी हालचालींच्या चाचणीत सुमारे 35 टक्के सुधारणा दिसली. माणसं अवघी 10, त्यातली निम्मीच जोडसायकलवर, शिवाय पुढे बसलेला जोडीदार वेग राखत होता. घरच्या सायकलवर तो जोर आपला आपणच लावायचा.

म्हणूनच आठ लेव्हल आधी अपुऱ्या वाटल्या, आता पाचही पुरल्या असत्या असं वाटतं. दोन-तीनवरच 80 टिकतात. त्यापुढे गेलं की वेग साठावर येतो. मोबाइलवर मेट्रोनोम (एका तालात ठोके देणारं अ‍ॅप) 80 वर लावायचा आणि दर ठोक्याला उजवा पाय खाली. हँडलवरच्या पल्स सेन्सरकडे बघूच नका, हाताच्या कंपामुळे तो वाटेल ते आकडे दाखवतो. वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला की पुरे.

आता पट्टा. सायकलच्या दुकानात मिळणारा रुंद वेल्क्रोचा पट्टा पेडलच्या खाचेतून ओवायचा, सुटं टोक बाहेरच्या बाजूला. खाली एक बोट जाईल इतकाच आवळायचा. जास्त आवळला तर उतरताना पाय अडकतो, आणि पडायची भीती नेमकी तिथेच. टाच सरकत असेल तर टाचेमागून आणखी एक वादी. पेडल काढावंच लागलं तर बहुधा 15 नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात : सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवा. नेहमीसारखं फिरवत बसलात तर ते आणखी घट्ट होईल.

पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढल्यावरच सायकलवर बसा. उतरताना आधी दोन्ही पट्टे सोडा, मिनिटभर बसून राहा, मग उभे राहा. झटकन उभं राहिलं की रक्तदाब एकदम उतरू शकतो. फिक्स्ड फ्लायव्हीलची (जड चाक पेडलला कायमचं जोडलेली) स्पिन बाइक तर नकोच, पाय निसटला तरी पेडल फिरतच राहतं आणि नडगीवर बसतं.

उजव्या पट्ट्यालाही भोकाशी तडा दिसतोय. तिथेही वेल्क्रोच लागणार, जोडी घ्यायची नाही.