दूध संकलनाच्या हिशेबासाठी एसक्यूलाइट: तीन वर्षांच्या वापराचा अनुभव

खानापूर तालुक्यातील काही दूध संकलन केंद्रांसाठी मी मोबाइल ॲप तयार केले, त्याला आता तीन वर्षे झाली. सभासदांची नावे, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दहा दिवसांचे बिल हा सारा हिशेब एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालतो. आपल्या सीमाभागात असे छोटे हिशेबी ॲप तयार करणारी मुले आता बरीच आहेत आणि त्यांना अडचणीही साधारण सारख्याच येतात. त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि मोबाइलची रेंज या दोहोंचा भरवसा नसतो, मात्र दूध घेऊन माणसे पहाटेच रांगेत उभी असतात. दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहणारी कोणतीही व्यवस्था तिथे निरुपयोगी आहे. एसक्यूलाइटला सर्व्हर लागतच नाही. ते ॲपच्या आतच चालते, सगळी माहिती एका फाइलीत ठेवते आणि अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये आधीपासूनच असते. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेले हे काम सार्वजनिक मालकीचे असल्यामुळे परवाना किंवा शुल्क यांचा प्रश्नच येत नाही. नोंद करताना फोन बंद पडला तरी अर्धवट नोंद राहत नाही. एक तर ती पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. तीन वर्षांत डेटाबेसची फाइल एकदाही बिघडली नाही. दूध उत्पादकाच्या पैशाशी संबंध असलेल्या कामात या एका गुणासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

मात्र एसक्यूलाइट आपल्या चुका अडवत नाही. एखादा रकाना संख्येसाठी राखून ठेवला, तरी त्यात अक्षरे घातली तर ते मुकाट्याने ठेवून घेते. एका केंद्राच्या सेक्रेटरींनी फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवला होता आणि काही दिवस लिटरचे आकडे देवनागरीत भरले गेले. पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसत होते, परंतु एसक्यूलाइटच्या दृष्टीने देवनागरीतील ‘६.४’ ही संख्या नसून मजकूर आहे आणि बेरीज करताना अशा मजकुराची किंमत शून्य धरली जाते. माझ्या लक्षात ही गोष्ट उशिरा आली, कारण घरी संगणकावर मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तपासणी करत होतो आणि मजकुराची संख्या करून देणारे पायथनचे ‘फ्लोट’ देवनागरी अंकही ओळखते. म्हणजे तपासणीत बेरीज बरोबर येत होती आणि सभासदाच्या बिलात कमी. आवृत्ती ३.३७ पासून, म्हणजे २०२१ पासून, ‘स्ट्रिक्ट’ टेबलची, म्हणजे चुकीच्या प्रकारची माहिती नाकारणाऱ्या तक्त्याची, सोय आहे, पण जुन्या फोनमधील एसक्यूलाइटही जुनेच असते. म्हणून नोंद करण्यापूर्वी अंक बदलून घेणे आणि टेबलवर ‘चेक’ची अट घालून रकान्यात खरोखर संख्याच आहे ना हे पाहणे, असा दुहेरी बंदोबस्त मी केला.

पैशाच्या बाबतीत दशांश अपूर्णांक टाळावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे का, असे एसक्यूलाइटला विचारले तर उत्तर नकारार्थी येते. हा त्याचा दोष नव्हे, संगणकातील दशांश आकड्यांचा तो स्वभावच आहे. मी दूध मिलिलिटरमध्ये आणि दर पैशांत पूर्णांक म्हणून ठेवतो. ६,४०० मिलिलिटर दुधाला लिटरमागे ३,८५५ पैसे दर असेल, तर गुणाकाराला हजाराने भागून २४,६७२ पैसे येतात आणि बिलावर २४६ रुपये ७२ पैसे छापले जातात.

सर्वांत जास्त वेळ नावांनी खाल्ला. एक दिवस कुऱ्हाडे आडनावाचे सभासद मला म्हणाले, “साहेब, यादीत माझं नाव दिसतंय की हो, मग शोधल्यावर का सापडत नाही?” दोन्ही ठिकाणचे आडनाव डोळ्यांना अगदी एकसारखे दिसत होते. शेवटी अक्षरे मोजणारे ‘लेंग्थ’ हे फंक्शन चालवले, तेव्हा एका नोंदीत ८ आणि दुसऱ्या नोंदीत ९ असे उत्तर आले. जुन्या रजिस्टरवरून संगणकावर उतरवलेल्या यादीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह होते; फोनवर टाइप केलेल्या नावात मात्र ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होते. प्रत्येक अक्षराला संकेतांक देणारी जी युनिकोड पद्धत आहे, तिचे एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची रीत) ही दोन रूपे एक करत नाही, त्यामुळे तयार उपाय नव्हता. मग ‘रिप्लेस’ वापरून २३५२, २३८१, ८२०५ या संकेतांकांचा क्रम जिथे येईल तिथे २३५३, २३८१ घातला, आणि हेच रूपांतर नवीन नाव भरतानाही होईल अशी व्यवस्था केली. गोऱ्हे, बऱ्हाटे अशी कितीतरी आडनावे आपल्याकडे आहेत. ज्यांच्या ॲपमध्ये मराठी नावे आहेत, त्यांनी ही तपासणी आजच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यादीच्या क्रमातही असाच पेच आहे. एसक्यूलाइट अक्षरे संकेतांकाप्रमाणे लावते आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. परिणामी काळे हे कासारांच्या आधी येतात आणि सेक्रेटरी मात्र त्यांना खाली शोधत राहतात. यासाठी क्रम लावण्यापुरता वेगळा रकाना ठेवावा लागला.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. फॅट ३.० ते १०.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.५, दोन्ही दशांशाने वाढवत नेल्यास दरपत्रकाच्या ७१ गुणिले २१, म्हणजे १,४९१ ओळी होतात. त्या एकेक करून भरल्या तर जुना फोन बराच वेळ अडकून पडतो, कारण प्रत्येक ओळीनंतर माहिती साठवणीत पक्की होईपर्यंत थांबावे लागते. सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकदमच पक्क्या होणाऱ्या एका गटात, घातल्या की काम क्षणात होते.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मोठा धडा मिळाला. एका केंद्रातील फोन पाण्यात पडला. डेटाबेसची फाइल त्याच दिवशी दुपारी दुसरीकडे उतरवून ठेवली होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. ती उघडल्यावर आदल्या संध्याकाळच्या आणि त्या सकाळच्या नोंदी नाहीत असे दिसले. अँड्रॉइडवर एसक्यूलाइट बहुधा राइट-अहेड लॉग पद्धतीने चालते. ताज्या नोंदी आधी शेजारच्या ‘डब्ल्यूएएल’ फाइलीत जातात आणि मुख्य फाइलीत सावकाश मिसळल्या जातात. मी फक्त मुख्य फाइल उचलली होती. सभासदांच्या दूध कार्डांवरून दोन्ही वेळच्या नोंदी पुन्हा भरल्या, कोणाचेही नुकसान झाले नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. आता आधी चेकपॉइंट करून, म्हणजे ‘डब्ल्यूएएल’मधील नोंदी मुख्य फाइलीत मिसळून, मगच प्रत घेतली जाते. नवीन फोनवर ‘व्हॅक्यूम इनटू’ वापरतो. आवृत्ती ३.२७ पासून मिळणारी ही सोय चालू डेटाबेसची पूर्ण प्रत वेगळ्या फाइलीत काढून देते.

विश्लेषणासाठीही एसक्यूलाइट पुरेसे आहे, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो. केंद्राचा सरासरी फॅट काढताना सरळ ‘एव्हरेज’ लावणे चूक आहे. एकाने १० लिटर गाईचे दूध ३.५ फॅटचे घातले आणि दुसऱ्याने २ लिटर म्हशीचे दूध ७.० फॅटचे घातले, तर साधी सरासरी ५.२५ येते, पण कॅनमधील एकत्र दुधाचा फॅट ४.०८ च्या आसपास असतो. लिटरने गुणून बेरीज करावी आणि एकूण लिटरने भागावे. शिवाय दोन्ही बाजूंना पूर्णांक असले तर एसक्यूलाइट भागाकारातील अपूर्णांक सोडून देते, ५ भागिले २ केल्यास २ उत्तर देते, हेही ध्यानात असावे. गावांच्या रकान्यात बेळगाव, बेळगांव, बेळगावी आणि बेलगाम अशी चार रूपे सापडली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी नाव बदलले, परंतु लोकांच्या लिहिण्यात जुनी-नवी रूपे मिसळलेलीच राहिली. गटवार बेरीज करण्यापूर्वी गावाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा.

एका केंद्रासाठी, एका फोनवर, एका वेळी एकच माणूस नोंद करणार असेल, तर मी एसक्यूलाइटशिवाय दुसरे काही सुचवणार नाही. पतसंस्थेच्या कार्यालयात चार-पाच संगणकांवरून एकाच वेळी नोंदी व्हायच्या असतील, तर मात्र डेटाबेसची फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. लिहिणारा एका वेळी एकच, हा एसक्यूलाइटचा नियम आहे, आणि नेटवर्कवर फाइलीचे कुलूप नीट लागेलच असे नाही. निपाणीच्या एका ओळखीच्या संस्थेने याच कामासाठी सल्ला विचारला, तेव्हा मी त्यांना पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यायला सांगितले.