जर्मनीला शिकायला येताय? खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका

जून-जुलै उजाडला, ॲडमिशनची पत्रं यायला लागली की आपल्या ग्रुपवर रोज एकच प्रश्न असतो: "खोली मिळाली का?" यंदाही तो सुरू झालाय. परवा एका मुलीनं लिहिलं, "मला मिळाली बाई एकदाची, फक्त डिपॉझिट पाठवायचं बाकी आहे." ते वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. तिला लगेच फोन केला. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझे १,१७० युरो गेले. बँकेचं कमिशन धरून एक लाख दहा हजारांच्या आसपास. पप्पा महावितरणमध्ये वायरमन होते, त्यांच्या फंडातले पैसे होते ते.

मी सांगलीची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला प्रवेश मिळाला. कन्सल्टंट घेतला नव्हता. एपीएसचं सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला; भारतातून येणाऱ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, १८,००० रुपये फी), आयईएलटीएस, एसओपी (हाच कोर्स का करायचाय याचं निवेदन), शिफारसपत्रांसाठी सरांच्या मागे लागणं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच मिळते) ११,२०८ युरो भरणं, व्हिसाची अपॉइंटमेंट, सगळं मी एकटीनं केलं. (ती रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाली, नवीन येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) एवढे कागद निस्तरल्यावर वाटायला लागतं की आपल्याला आता कागद कळतात. भाड्याचा करार आला तेव्हाही मला तसंच वाटलं होतं.

विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारं जे श्टुडिअरेंडनवेर्क असतं, तिथे अर्ज केला होता. उत्तर आलं की यादी मोठी आहे, ऑक्टोबरला जागा होईल असं धरू नका. मग खोल्यांच्या साइटवर रोज रात्री बसायचे. इथे चार-पाच जण मिळून फ्लॅट घेऊन राहतात, त्याला वेगे म्हणतात, आणि नवीन माणूस कोण येणार हे तिथे राहणारेच ठरवतात. तुम्हाला स्वयंपाकघरात बसवून तासभर गप्पा मारतात आणि मग कळवतात. सांगलीत बसून त्यांच्या स्वयंपाकघरात कशी जाणार? चाळीसेक मेसेज पाठवले, तिघांचं उत्तर आलं, तिघंही म्हणाले, "इथे आलीस की भेटू." ते तिघं खरे होते, हे आता कळतं.

घरात वेगळंच चाललं होतं. आई रोज विचारायची, "अगं, पण उतरल्यावर जाणार कुठं तू?" मावशीचा फोन, आत्याचा फोन, शेजारच्या काकू. मुलगी परदेशात चालली आणि राहणार कुठे ते ठाऊक नाही, हे आमच्याकडे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. माझ्याही नाही. पैसे त्या माणसानं नेले हे खरं, पण मी घाईला आले होते ती या प्रश्नामुळे. म्हणून मुलामुलींपेक्षा मी पालकांना जास्त कळकळीनं सांगते, हा प्रश्न रोज विचारू नका.

जाहिरात दिसली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मार्टिन्सफिअर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अगदी जवळ, एक खोलीचा स्वतंत्र फ्लॅट, वीज-पाणी-हीटिंग सगळं धरून महिना ३९० युरो. मला तोवर दिसत होत्या त्या वेगेतल्या साध्या खोल्याही ४५० ते ६०० च्या होत्या. मालकाचं उत्तर सकाळी हजर. तो डॉक्टर, बदली होऊन लंडनला गेलेला, फ्लॅट त्याच्या बायकोच्या माहेरचा, आणि त्याला "शांत, अभ्यासू मुलगी" हवी होती. भाषा गोड, लांबलचक. माझ्या घरच्यांची चौकशी, शिक्षणाची चौकशी. करार आला, जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत, सहा पानी. सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत. "तुझा विश्वास बसावा म्हणून," असं लिहिलं होतं. "तूही तुझी पाठव."

मी पाठवली. जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट उघडा ठेवून मोबाईलवर फोटो काढला. घाईत नीट कापलाही नाही, कोपऱ्यात आईच्या टेबलक्लॉथची निळी फुलं दिसत होती.

मग त्याचा मेसेज आला की आणखी दोघीजणी विचारतायत, शुक्रवारपर्यंत नक्की कर. दोन महिन्यांचं डिपॉझिट ७८० आणि पहिल्या महिन्याचं भाडं ३९०.

पप्पा आणि मी बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरला. काउंटरवरच्या मॅडमनी खात्याचा नंबर वाचला, परत वाचला, आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, घर जर्मनीत आहे म्हणताय. खातं स्पेनचं कसं?" युरोपातला खाते क्रमांक, आयबॅन, देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होतो. जर्मनीचा डीईने, स्पेनचा ईएसने. हे मला माहीत होतं, कारण ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मीच पाठवले होते. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "डॉक्टर पूर्वी स्पेनमध्ये होते, तिथलंच खातं चालवतात. त्यांनी मेलमध्ये लिहिलंय." मॅडमनी आणखी एकदा विचारलं, "नक्की ना बाळ?" मी हो म्हणाले. पप्पांनी सही केली.

फसवणारा माणूस तुमच्या शंकांची उत्तरं आधीच देऊन ठेवतो. मी विचारायच्या आतच त्यानं स्पेनच्या खात्याचं कारण लिहून पाठवलं होतं, आणि मी ते मॅडमना जसंच्या तसं ऐकवलं.

पैसे गेल्यावर तो गायब झाला असता तर निदान लगेच कळलं असतं. तसं झालं नाही. सहा आठवडे तो व्यवस्थित बोलत राहिला. थंडीचे कपडे कोणते आण, कुठल्या दुकानात काय स्वस्त मिळतं, सगळं सांगायचा. विमानाचा नंबरही मागून घेतला. चावी दाराजवळच्या पेटीत असेल, उतरलीस की कोड पाठवतो म्हणाला. आईला त्याचं केवढं कौतुक. मी कधी पोहोचणार, म्हणजे त्याचं बिंग कधी फुटणार, ते त्याला विमानाच्या नंबरावरून कळत होतं. तोवर माझ्या बाजूनं बँकेला "पैसे परत मागवा" असं सांगायची वेळ टळून गेली होती.

२८ सप्टेंबर, शनिवार. फ्रँकफर्टला उतरले, बसने अर्ध्या तासात डार्मश्टाट. मेसेज केला, कोड आला नाही. मला वाटलं रोमिंगचा प्रॉब्लेम. दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोहोचले. इमारत खरी होती. फोटोतलीच, पिवळसर, खाली सायकली लावलेल्या.

इथे दारावर फ्लॅटचे नंबर नसतात. बेलच्या बटणांशेजारी आडनावं असतात, आणि पत्रही त्या नावावरच येतं. मी दहाही नावं वाचली. मग बोट ठेवून एकेक परत वाचलं. डॉक्टरचं आडनाव नव्हतं. चावीची पेटीही कुठे नव्हती. फोन लावला, बंद. पाऊस भुरभुरत होता आणि मी त्या बटणांसमोर उभी होते, एखादं नाव वाचायचं राहिलं असेल म्हणून.

वीसेक मिनिटांनी एक आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या. मी मोबाईलवर करार दाखवला. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण करार बघताच त्यांनी मान हलवली आणि तीन बोटं वर केली. या वर्षातली मी तिसरी होते. त्यांनी मला आत जिन्यात बसवलं, चहा आणून दिला, आणि फोनवरून वोग तळ्याजवळच्या यूथ हॉस्टेलमध्ये माझ्यासाठी जागा विचारली. त्या आजींमुळे ती रात्र निभावली.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. सोमवारी पोलिसांकडे तक्रार दिली, फाइल नंबर मिळाला. पप्पांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला पैसे परत मागवायला लावले. स्पेनच्या बँकेचं उत्तर आलं की खातेदाराच्या संमतीशिवाय परत करता येत नाहीत, आणि खात्यात काही शिल्लक नाही. फेब्रुवारीत इथल्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं पत्र आलं. आरोपीचा शोध लागला नाही, तपास थांबवला आहे.

पैशाइतकाच दुसरा फटका आनमेल्डुंगचा बसला. इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. घर नाही म्हणून सही नाही, सही नाही म्हणून नोंदणी नाही. मी गेले त्या बँकेला खातं उघडायला नोंदणीचा कागद हवा होता, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले माझेच महिन्याचे ९३४ युरो मला मिळेनात. अशा वेळी एका ग्रुपवर "२५० युरोत आनमेल्डुंग करून देतो" म्हणणारा भेटला. तिकडे मुळीच जाऊ नका. जिथे कुणी राहणार नाही तिथला पत्ता त्याला नोंदवायला देणं जर्मनीत बेकायदेशीर आहे, देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंदणी करणारा विद्यार्थीही त्यात अडकतो. त्याच आठवड्यात एका "वकिला"चा मेसेज आला की १५० युरो फी भरा, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो. मी ग्रुपवर माझी हकीकत लिहिली होती, तिथूनच त्यानं मला गाठलं. एकदा फसलेल्या माणसाकडे दुसरा चोर येतोच, हे डोक्यात पक्कं ठेवा.

शेवटी संभाजीनगरच्या एका ताईनं तिच्या खोलीत दोन आठवडे गादी टाकून दिली. ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रीसहाइममध्ये एका मुलीची खोली अडीच महिन्यांसाठी मिळाली, ती इंटर्नशिपला बाहेरगावी चालली होती. याला इथे त्स्विशनमीट म्हणतात. जाऊन बघितली, तिच्याशी बोलले, तिच्या घरमालकिणीची परवानगी बघितली, सहीचा कागद घेतला, चावी हातात आली, मग पैसे दिले. तेव्हा समजलं की खोली न ठरवता येऊनसुद्धा चालतं. पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेल, ओळखीच्या सीनिअरची गादी, किंवा थोड्या दिवसांची त्स्विशनमीट, आणि इथे राहून शोध. त्याला चारशे-पाचशे युरो जास्त लागले तरी लागू देत, बजेटमध्ये आधीच धरा.

कायदाही आपल्या बाजूनं आहे, फक्त तो मला उशिरा कळला. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. दीड महिना आधी, चावी न देता, सगळं एकरकमी मागणारा माणूस दिसला की बोलणं तिथेच थांबवा. येता येत नसेल तर शहरातल्या कुणाला तरी खोली बघायला पाठवा. मराठी मंडळांच्या ग्रुपवर विचारा, मी स्वतः डार्मश्टाटमध्ये अशा चार खोल्या बघून दिल्यात, त्यातली एक खोटी निघाली. व्हिडिओ कॉलवर खिडकी उघडून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटच्या इमेज सर्चमध्ये टाकून ते आणखी कुठे दिसतात का ते बघा.

नोव्हेंबरमध्ये पप्पांनी त्या डॉक्टरच्या फ्लॅटचे फोटो पहिल्यांदा नीट बघितले. तोवर त्यांना ते बघवत नव्हते. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "हे बघ, टेबलामागचं सॉकेट. तीन चौकोनी भोकं आहेत. हे इंग्लंडचं. जर्मनीचं दोन गोल भोकांचं असतं, तुझा ॲडॉप्टर मीच आणला होता की." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर विजेचं काम केलेला माणूस, आणि सॉकेट दाखवण्याइतका वेळही मी त्यांना दिला नव्हता.

पासपोर्टबद्दलही सांगायचंय. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं मोठ्या अक्षरांत लिहा: कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला. पासपोर्ट नंबर आणि सही झाका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

या मार्चमध्ये इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. कोलंबियाची, फ्रायबुर्गला मास्टर्ससाठी येणार होती. तिनं अगदी आदबीनं विचारलं होतं की फ्रायबुर्गच्या फ्लॅटची मालकीण मीच ना, कारण पैसे पाठवण्याआधी तिला एकदा माझ्याशी बोलायचं होतं. सोबत तिला "मालकिणी"ने पाठवलेला पासपोर्ट जोडला होता. नाव माझं, फोटो माझा, आणि डाव्या कोपऱ्यात निळी फुलं.

मी तिला तिथल्या तिथे फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. तिनं उचलला. पैसे अजून गेले नव्हते.