क्रोशासाठी उसवलेला स्वेटर की नागपूरचा सुती दोरा?

आमच्या आठवडी बाजारात सुई, बटणं, फीत सगळं मिळतं. क्रोशाचा दोरा मात्र नाही. घराघरात कापूस, अन् दोरा आणायला नागपूरची इतवारी गाठा! नाहीतर जुना स्वेटर उसवा.

नवशिक्यांना मी स्वेटरच सांगते. चुकलं तरी पैसे वाया गेल्याची हुरहुर नाही. फक्त आतली शिवण आधी पाहायची. कापडासारखा कापून ओव्हरलॉक केलेला, म्हणजे कापलेल्या कडा मशीनने गुंफून शिवलेला असेल, तर ओळीओळीला तुकडा हाती येतो आणि गाठी मारता मारता जीव जातो. कडा न कापलेला असेल, तर धागा सलग निघतो. त्याची लड, म्हणजे सैल वेटोळी, करून कोमट पाण्यात बुडवायची, खाली हलकं वजन टांगून वाळवायची. कुरळेपणा बराच जातो. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिमीची क्रोशाची आकड्याची सुई चालते.

सुती दोरा बारीक. त्याला १.२५ मिमीच्या आसपासची सुई लागते, आणि काम डोळे फोडणारं. शिवाय दोरा मधेच संपला, तर पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असं नाही, म्हणून मी एक गुंडा जास्तच आणवते.

पण माठावरची जाळी, गरम भांड्याखालची चकती सुतीच हवी. बहुतेक जुने स्वेटर ॲक्रिलिकचे, उष्णतेने वितळणारे. आणि वैशाखात मांडीवर लोकर घेऊन बसून पाहा एकदा!