हिरवं सफरचंद की लाल?

मावशीची शुगर वाढल्यापासून तिचा एकच प्रश्न, आंबट हिरवं ग्रॅनी स्मिथ घेऊ की लाल डेलिशस? साखरेत फरक आहे, पण थोडाच. 100 ग्रॅममागे दोन्हींत साधारण 10 ग्रॅम, हिरव्यात किंचित कमी. चोथा हिरव्यात जरा जास्त.

लालचं बळ सालीत. तो गडद रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंट रंगद्रव्याचा, हिरव्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून कुणी लाल सफरचंद सोलायला घेतलं की माझा जीव हळहळतो. नखाने खरवडल्यावर पांढरट मेण दिसलं तर कोमट पाण्यात चोळून धुवा, पण साल ठेवा.

किमतीत लाल परवडतं. काश्मीर-हिमाचलचं असतं, हिरवं बहुधा परदेशी.

मावशीला आंबट चालतं, तिने हिरवं घ्यावं, एका वेळी एकच, रस न काढता. मुलांच्या डब्याला लाल, सालीसकट.