टीव्ही चांगला आहे, पण मधली चित्रं त्याने काढायची नाहीत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गुरुवारी रात्री टीव्हीने आपणहून अपडेट घेतला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन 'काउबॉय बीबॉप' या अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, पाचवा एपिसोड लावला. चर्चच्या रंगीत काचेतून नायक स्पाइक खाली पडतो तो प्रसंग मी वीसेक वेळा तरी पाहिला असेन. त्या दिवशी तो पडत नव्हता, तेलातून घसरत होता. काचेचे तुकडे धारदार दिसायच्या ऐवजी मेण वितळल्यासारखे दिसत होते. सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर दिवाळीत बंद केलेलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करून दाखवायची सोय) पुन्हा चालू, आणि तेही 'हाय'वर. आठ महिन्यांत ही तिसरी वेळ. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पंचावन्न इंची, फोर के, १२० हर्ट्झचं पॅनेल, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं. बाकी आकडे सगळीकडे मिळतील. दिवाळी सेलमध्ये ६४ हजारांना घेतला. त्याच आकाराचं ६० हर्ट्झचं मॉडेल १८ हजारांनी स्वस्त होतं, घरात सगळे तेच घे म्हणत होते. मी जास्तीचे १८ हजार मोजले ते निव्वळ अ‍ॅनिमेसाठी, कारण १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो आणि ६० ला जात नाही. या एका भागाकारावर माझा सगळा राग आणि सगळं समाधान उभं आहे, तेव्हा तो नीट सांगतो.

अ‍ॅनिमे सेकंदाला २४ फ्रेमचं असतं, पण सेकंदाला २४ चित्रं सहसा काढलेली नसतात. एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, ही टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेची जुनी रीत. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ पासून 'तेत्सुवान अ‍ॅटम' दर आठवड्याला दाखवायला घेतलं, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून चित्रं कमी केली, स्थिर चित्रांवर भर दिला, तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरले. सुरुवात काटकसरीने झाली हे खरं. पण पुढच्या साठ वर्षांत त्या काटकसरीची एक भाषा झाली. दिग्दर्शक ओसामु देझाकी भावनेच्या ऐन टोकाला सगळी हालचाल थांबवून पडद्यावर रंगवलेलं स्थिर चित्र आणायचे. अ‍ॅनिमेटर इचिरो इतानोने 'माक्रॉस'मध्ये क्षेपणास्त्रांचे असे झुबके सोडले की त्या शैलीला 'इतानो सर्कस' हे नावच पडलं. कुठे तीन फ्रेम धरायच्या, कुठे दोन, कुठे एकच, हे टाइमशीटवर लिहिलेलं असतं. मुख्य चित्रं म्हणजे गेंगा, त्यांच्या मधली ती दोगा. दोगा काढणारे कलाकार वेगळे असतात, आणि मधली किती चित्रं हवीत हे विचार करून ठरलेलं असतं.

स्मूदिंग नेमकं यातच हात घालतं. दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही स्वतः बनवतो आणि भरतो. कुणी न मागितलेल्या, कुणी न काढलेल्या दोगा! सिनेमात किंवा मालिकेत त्याने फक्त तकतकीतपणा येतो. अ‍ॅनिमेत रेघच बिघडते, आणि तिथे रेघ हेच सगळं असतं.

हे नुसतं डोळ्यांना वाटतं म्हणून सांगत नाही, मोजून पाहिलंय. मोबाइल स्टँडवर लावून पडद्याचं स्लो मोशन शूटिंग केलं, सेकंदाला २४० फ्रेमने. हिशोब सोपा आहे: अ‍ॅनिमेची एक फ्रेम मोबाइलच्या दहा फ्रेम टिकली पाहिजे, आणि तीन फ्रेम धरलेलं चित्र तीस. स्मूदिंग बंद असताना बरोबर तीस भरले. 'हाय'वर टाकलं तर एकही चित्र स्थिर सापडेना. मोबाइलच्या दर दोन फ्रेमला नवीन काहीतरी, आणि त्यातल्या बऱ्याच फ्रेममध्ये स्पाइकच्या हाताला सहा-सात बोटं.

सगळ्यात वाईट हाल झाले ते 'कागुयाहिमे'चे. इसाओ ताकाहाताचा २०१३ चा चित्रपट. मेजवानीच्या रात्री पाहुण्यांचं बोलणं ऐकून कागुया उठते, दारांमागून दारं ओलांडत पळते, अंगावरची वस्त्रं एकेक मागे पडत जातात. तिचा चेहरा, केस, रस्ता, चंद्र सगळं कोळशाच्या फटकाऱ्यांत उतरलेलं. रेघा तुटतात, जाड होतात, एकमेकींवर आदळतात. चित्रकाराचा हातच रागावलाय असं वाटतं. स्मूदिंग लावून पाहिलं तर दोन फटकाऱ्यांच्या मध्ये तिसरी पुसट रेघ उगवते आणि तो सगळा राग ओला होऊन जातो. मी दोन मिनिटांत बंद केलं. हा प्रसंग तसा पाहणं मला सहनच होत नाही.

आता सर्व्हिसचं. पहिल्या महिन्यात स्मूदिंग बंद करूनही एक त्रास राहिला. कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा, म्हणजे डोंगर, शहर, आगगाडीच्या खिडकीबाहेरचं दृश्य, चित्र हिसके देत सरकायचं. माणसांच्या हालचाली मात्र ठीक. मी कस्टमर केअरला तक्रार टाकली. टेक्निशियन आला, रिमोट घेतला, स्मूदिंग पूर्ण चढवलं आणि म्हणाला, "बघा सर, लोण्यासारखं झालं." मी म्हटलं, "दादा, हेच तर नकोय." त्यावर, "कार्टून असंच असतं सर. मग ती टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंगची स्टिक बदलून बघा." संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली. मी पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. चौथ्या वेळी फोनवर आवाज चढला तो माझाच. एवढे पैसे भरून 'कार्टून असंच असतं' हे ऐकून घ्यायचं नव्हतं.

इथे मला मत बदलावं लागलं, आणि ते नीट नोंदवतो. पॅनेलचा काही दोष नव्हता. मोबाइलने आडव्या सरकणाऱ्या दृश्याचं शूटिंग केलं तेव्हा एक फ्रेम बारा टिकत होती, पुढची आठ, मग पुन्हा बारा, पुन्हा आठ. म्हणजे स्टिक सगळं ६० हर्ट्झनेच पाठवत होती, आणि २४ फ्रेम ६० मध्ये बसवायच्या तर एक तीनदा, एक दोनदा दाखवावी लागते. तीन फ्रेम धरलेल्या चित्राला त्याचा फरक जाणवत नाही, कारण बत्तीस (१२+८+१२) आणि अठ्ठावीस (८+१२+८) डोळ्याला सारखेच. पण पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकत असते, तिथे बारा-आठ, बारा-आठ उघडं पडतं. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट', म्हणजे मूळ चित्राच्याच वेगाने पाठवायची सोय, बंद होतं. चालू केल्याबरोबर प्रत्येक फ्रेम दहावर आली. जास्तीचे १८ हजार त्या क्षणी वसूल झाले. टेक्निशियनने स्टिकचं नाव घेतलं होतं, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर होतं. मी त्याचं ऐकायला हवं होतं, आणि पॅनेलबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली.

अपडेटबद्दलची मात्र घेतलेली नाही. ग्राहकाने बंद केलेली गोष्ट अपडेटने परत चालू करायची नसते. या मॉडेलमध्ये फिल्ममेकर मोड आहे, त्यात स्मूदिंग बंदच असतं. पण अपडेटनंतर टीव्ही त्या मोडमधूनच बाहेर पडतो आणि 'व्हिविड'वर येऊन बसतो. प्रत्येक इनपुटची वेगळी सेटिंग ठेवता येते ही चांगली सोय. सेट टॉप बॉक्सवर बाबा क्रिकेट बघतात, तिथे स्मूदिंग चालू ठेवलंय, त्यांना चेंडू स्वच्छ दिसतो आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. अपडेट आला की हे वेगळेपणही पुसलं जातं आणि सगळं पहिल्यापासून.

बाकीचं थोडक्यात. काळा रंग दाट येतो. 'मुशिशी'तल्या रात्री, जंगल, धुकं फार सुंदर दिसतं, फक्त गडद आकाशात रंगांचे पट्टे जाणवतात. त्यातला बराच दोष स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या चित्राचा, कारण तोच भाग ब्लू-रेवर बराच स्वच्छ आहे. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा काढणारी सोय, तीही बंद करा, सेलवर (पारदर्शक शीटवर) रंगवलेल्या जुन्या अ‍ॅनिमेतला फिल्मचा दाणा ते खाऊन टाकतं. १९८८ चा 'अकिरा' त्याशिवाय बघावा. आवाज सुमार, स्पीकर वेगळा घ्यावाच लागतो. रिमोटवरची चार बटणं जाहिरातींची, आणि पिक्चर सेटिंगला मात्र एकही नाही.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मार्चमध्ये 'इव्हँगेलियन'चा बाविसावा एपिसोड बघत होतो. लिफ्टमध्ये आसुका आणि रेई. जवळजवळ मिनिटभर चित्र हलत नाही, फक्त लिफ्टचा आवाज. आई भाजी निवडत बसली होती, म्हणाली, "नेट गेलं का रे?" मी म्हटलं, "नाही आई, दोघी बोलत नाहीयेत." तिने हातातली मेथी ठेवली आणि पुढचा सगळा वेळ पडद्याकडे बघत राहिली. लिफ्टचं दार उघडायच्या आत हळूच म्हणाली, "हिला बोलायचंय." १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी मोगली लागायचा, तोही जपानी अ‍ॅनिमेच. तेव्हा आई असंच काम बाजूला ठेवून आमच्यासोबत बसायची. वीस इंची ट्यूबचा टीव्ही होता, जे चित्र यायचं ते तसंच दाखवायचा.

घ्यावा का? अ‍ॅनिमेसाठी १२० हर्ट्झचा घ्या, पैसे वाया जात नाहीत. दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आडवं सरकणारं एक दृश्य आणि मारामारीचा एक तुकडा घेऊन जा. सेल्समनला डेमो मोड काढायला लावा आणि स्मूदिंग बंद करायला किती पायऱ्या लागतात ते मोजा. माझ्यात सहा लागतात.

वॉरंटी संपायला चार महिने आहेत, वाढीव वॉरंटीचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा नाही म्हटलं. रविवारी टीव्हीचं वायफायच काढून टाकलं. आता नेट फक्त स्टिकला. मग पुन्हा मोबाइल लावला, पाचवा एपिसोड लावला. स्पाइक पडतो तिथलं एक चित्र निवडून मोजलं, बरोबर तीस.