बॅक-इन्फ्लेट की जॅकेट? पहिली बीसीडी घेणाऱ्यांसाठी

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड मिळालं, मास्क आणि फिन्स स्वतःचे झाले, भाड्याच्या सामानाला कंटाळा आला, की पुढचा खर्च बीसीडीचा, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात वर-खाली होणं सांभाळायच्या, अंगात घालायच्या साधनाचा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची डाइव्ह करणारी मंडळी भेटली की हा विषय निघतोच. आपल्याला समुद्र घाटाखाली आहे. आंबोली उतरली की मालवण, चोर्ला उतरला की गोवा, अरबैल उतरला की अंकोला आणि पुढे मुरुडेश्वर आणि तिथलं नेत्राणी बेट. या तिन्हीकडचं पाणी वेगळं, बीसीडी मात्र एकच घ्यायची, म्हणून विचार करून घ्यावी. मी दोन्ही प्रकार स्वतःचे म्हणून वापरले. त्यातली एक विकली आणि एक ठेवली. विकलेली वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. ती आजही कुणीतरी आनंदानं वापरतंय.

फरक एका ओळीत सांगायचा तर असा. जॅकेटमधलं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, पाठीवरून निघून काखेखालून पोटापर्यंत येतं. बॅक-इन्फ्लेटमध्ये सगळी हवा पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना. पुढे फक्त पट्टे आणि खिसे. स्क्युबाप्रोचं हायड्रॉस प्रो किंवा झीगलचं रेंजर ही बॅक-इन्फ्लेट, अ‍ॅक्वा लंगचं प्रो एचडी किंवा क्रेसीचं स्टार्ट हे जॅकेट. डी-रिंग (सामान अडकवायच्या कड्या) किती, खिसे किती, लिफ्ट (उचलून धरायची ताकद) किती, ते कंपनीच्या कागदावर असतं. त्यात शिरत नाही.

पाण्याखालचा फरक आधी घेऊ, कारण चर्चा सगळी त्याचीच होते. माझ्या मते तो लोक सांगतात तेवढा मोठा नाही. खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधतात ते शिसं बरोबर घेतलं असेल तर तळाशी बीसीडीत हवा असते तरी किती? आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ऐंशी घनफुटी अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं. डाइव्हभर ते कमी होत जातं, म्हणजे सुरुवातीला आपण तेवढे जड असतो. त्यात वेटसूट खोलीवर दबून त्याची थोडी बॉयन्सी, म्हणजे तरंगवण्याची ताकद, जाते. एवढ्याची भरपाई बीसीडीनं करायची असते. पश्चिम किनाऱ्याच्या उबदार पाण्यात तीन मिलिमीटरचा सूट पुरतो, त्यामुळे दबण्याचा हिशोबही लहानच राहतो. थोडक्या हवेत जॅकेटही गुपचूप आपलं काम करतं.

तरीही आडवं राहण्यात बॅक-इन्फ्लेट मला उजवी वाटली. तिच्यात हवा पाठीवर आणि शिसं खाली, त्यामुळे शरीर आपोआप पालथं, सपाट राहतं. जॅकेटमध्ये आपण जरा कलंडलो की हवा ब्लॅडरमधून उंच बाजूला सरकते, आणि कधी खांद्याकडे, कधी एका कुशीकडे ओढ लागते. पाय खाली लोंबण्याची सवय असेल तर जॅकेट ती सवय चालवून घेतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांच्या मधे वाळू असते आणि पाणी पुष्कळदा गढूळ असतं. तिथे फिन्स तळाला लागले की वाळूचा ढग उठतो आणि मागून येणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. नेत्राणीला पाणी त्या मानानं स्वच्छ, पण तिथे खाली प्रवाळ आहे. एक बेफिकीर लाथ बसली तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते. हे मला मनापासून खुपतं. पण खरं सांगायचं तर सपाट पोहणं हे शिकण्याचं काम आहे. चांगला डायव्हर जॅकेटमध्येही सपाट पोहतो. केवळ यासाठी मी जॅकेट विकलं नसतं.

माझा निकाल लागला तो पाण्याच्या वर.

नेत्राणीचा प्रसंग घ्या. मुरुडेश्वरहून बेटापर्यंत तासाभराहून जास्त बोट चालते. डाइव्ह संपते, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून आपण वर येतो. बोट दुसऱ्या गटाला उचलायला बेटाच्या पलीकडे गेलेली असते. वेळ दुपारकडे कललेली, वारा सुटलेला, लाट उभी राहायला लागलेली. तोंड लाटेच्या वर राहावं म्हणून इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायच्या नळीचं, बटण दाबून बीसीडी पूर्ण फुगवायची, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. जॅकेट फुगतं तेव्हा ते बाहेरच्या बाजूला फुगतं तसं आतल्या बाजूलाही फुगतं. बरगड्यांवर दोन्हीकडून दाब येतो, पोट आत जातं. आपण नुकतेच वर आलेलो, फिन्स मारून थोडा दम लागलेला, आणि नेमका त्याच वेळी श्वास अर्ध्यावर अडतो. श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असतो, सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असते, पण छाती फुलायला जागा नसते. ज्याला बोट लागते त्याची मळमळ पोटावरच्या दाबानं आणखी वाढते.

मग आपण कमरेचा पट्टा सैल करतो. वेल्क्रो चर्रकन उघडतं, श्वास मोकळा होतो, आणि लगेच जॅकेट वर चढायला लागतं. हवेला वर जायचं असतं आणि आपलं शरीर खाली लोंबत असतं, त्यामुळे खांदे कानाला लागतात, कॉलर जबड्याखाली रुतते. बोट कुठे आली ते बघायला मान वळवायची तर आख्खं अंग वळवावं लागतं. सिलिंडर मागे घसरून कमरेखाली टोचत राहतो. पट्टा परत ओढावा तर परत बरगड्या. ओढला की आवळतं, सोडला की चढतं. बोट येईपर्यंत हेच चालू.

साइज चुकला असेल, असं बरेच जण म्हणाले. मी एक नंबर मोठं जॅकेट मागून घालून पाहिलं. आवळणं कमी झालं, चढणं वाढलं. मग आमच्या इन्स्ट्रक्टरनं शिसं कमी करायला लावलं आणि त्याचा खरा फायदा झाला. आपल्याकडे नवख्याला खाली नेणं सोपं जावं म्हणून दोन-तीन किलो जास्तीचं शिसं बांधून देतात. ते काढलं की वर तरंगायला हवा कमी लागते आणि दाबही कमी होतो. जॅकेट वापरणाऱ्यानं पहिल्यांदा हेच करावं. पण लाटा असल्या की मनुष्य स्वभावतः बटण दाबतोच. ज्या वेळी हवा सगळ्यात जास्त लागते त्याच वेळी जॅकेट सगळ्यात जास्त आवळतं, ही गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही.

मित्राची बॅक-इन्फ्लेट पहिल्यांदा घालून अशाच लाटेत थांबलो तेव्हा पूर्ण फुगवूनही छातीवर काही नव्हतं. पोटभर श्वास घेता आला. तिथेच माझा कल ठरला.

आता तिची बाजू सांगतो, कारण तिचाही एक दोष आहे आणि तो लहान नाही. वरती पूर्ण फुगवली की ती तुम्हाला पुढे, तोंडावर ढकलते. हवा पाठीमागे, शिसं पुढच्या खिशांत. मग शरीर फिरून हवेच्या बरोबर खाली यायला बघतं आणि चेहरा पाण्याकडे झुकतो. माझा निपाणीचा एक मित्र यासाठीच जॅकेट सोडत नाही. पाण्यावर आल्यावर बडीशी, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराशी, चार शब्द बोलायचे, मास्क खाली करायचा, बोटवाल्याला हात करायचा, तर नाक सारखं पाण्यात जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. नवीन माणूस यानं घाबरू शकतो.

पण या दोषाला उपाय आहे. सगळं शिसं पुढच्या खिशांत न ठेवता किलो-दोन किलो मागच्या ट्रिम (तोल साधायच्या) खिशांत किंवा सिलिंडरच्या पट्ट्यावर सरकवायचं. जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व वाजेपर्यंत हवा न भरता हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच भरायची. आणि उभं राहण्याचा हट्ट सोडून, आरामखुर्चीत रेलतात तसं पाठीवर रेलायचं, पाय थोडे पुढे घ्यायचे. पाठीमागची हवा मग गादीसारखी अंगाखाली येते आणि ढकलणं जाणवेनासं होतं. दोन-चार डाइव्हमध्ये हे अंगवळणी पडतं. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर डाइव्हच्या शेवटी रिकामा होऊन स्वतःच तरंगायला बघतो आणि ढकलण्यात भर घालतो, म्हणून थोडं शिसं त्याच्याच पट्ट्यावर असलेलं जास्त बरं.

माझ्या दृष्टीनं तराजू इथे झुकतो. पुढे ढकलणं शिशाची जागा बदलून सुटतं. आवळणं ब्लॅडरच्या जागेतूनच येतं, आणि ती जागा आपल्याला बदलता येत नाही.

एक गोष्ट दोन्हीबद्दल ध्यानात ठेवा. बीसीडी लाइफ जॅकेट नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील, याची हमी जॅकेटही देत नाही. ‘जॅकेट सुरक्षित, बॅक-इन्फ्लेट धोक्याची’ असं कुणी सांगितलं तर ते तसं सरळ नाही.

बाकीचे मुद्दे भराभर. खिसे जॅकेटचे मोठे, पण ब्लॅडर फुगलं की त्याच खिशात हात घालणं अवघड होतं. बॅक-इन्फ्लेटचे खिसे लहान, पण उघडे मिळतात. बायकांना पुढची बाजू मोकळी असलेली बरी पडते, असं माझ्या मावसबहिणीचं म्हणणं. ती जॅकेटकडे परत गेली नाही. प्रवासाला हलक्या बीसीडी दोन्ही प्रकारांत निघतात. अंदमानला विमानानं जाणार असाल आणि पंधरा किलोच्या सामानात सगळं बसवायचं असेल तर वजन जरूर बघा. नेत्राणी-मालवणला गाडीनंच जाणार असाल तर त्याची फिकीर नको.

सुकवण्याकडे मात्र आपल्या भागातल्या माणसानं जास्त लक्ष द्यावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. डाइव्ह केल्यावर सहाशे मीटरच्या वर चढायचं तर विमानप्रवासाचाच नियम लावतात: एकच डाइव्ह असेल तर निदान 12 तास, अनेक डाइव्ह असतील तर 18 तास थांबायचं. म्हणजे दुपारी डाइव्ह आटोपून संध्याकाळी घाट चढणं बरोबर नाही. खाली मुक्काम हवाच. त्या मुक्कामात बीसीडी धुवायची. इन्फ्लेटरमधून गोडं पाणी आत सोडायचं, हवा भरून चांगली घुसळायची, उलटी करून खालच्या व्हॉल्वमधून काढायची, आणि अर्धवट फुगवून रात्रभर सावलीत टांगायची. बॅक-इन्फ्लेटचं पाणी एका जागी गोळा होऊन लवकर निघतं. जॅकेटच्या पोटाकडच्या टोकांत थोडं अडकून राहतं, निदान माझ्या जॅकेटमध्ये राहायचं. उन्हाळ्यात हा फरक काहीच नाही. पण मेअखेर हंगाम संपतो, पावसाळा लागतो, आणि खानापूरकडच्या दमट घरात चार महिने टांगलेल्या बीसीडीत पाणी राहिलं असेल तर ऑक्टोबरात तोंडाला लावलेल्या इन्फ्लेटरमधून बुरशीचा वास येतो. फडताळात घडी घालून ठेवू नका, जाड हँगरला थोडी हवा भरून टांगा.

जॅकेट कुणी घ्यावं? ज्यांना वर्षातून एखादी सहल करायची आहे, जे नवख्यांना पाण्यात नेतात आणि पाण्यावर उभं राहून बोलण्यात ज्यांचा बराच वेळ जातो, आणि ज्यांना भाड्याच्या सामानाशी फारकत नको आहे, त्यांनी. किनाऱ्यावर मी भाड्यानं घेतलेल्या बीसीडी बहुतेक जॅकेटच निघाल्या. शिकलो त्यातच, हात बसलेला त्यावरच, आणि तो सराव सोडावासा वाटत नाही, हे कारण मला पुरेसं वाटतं. ज्यांच्या सगळ्या डाइव्ह मालवणच्या उथळ पाण्यात होतात आणि बोट हाकेच्या अंतरावर असते, त्यांना मी सांगितलेला जाच कदाचित कधी जाणवणारही नाही. ज्यांना नेत्राणीसारख्या उघड्या पाण्यात वरचेवर जायचं आहे, ज्यांची छाती भरदार आहे, किंवा दम लवकर लागतो, त्यांनी निदान एकदा बॅक-इन्फ्लेट घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि बघायचं कसं, तेही सांगतो. अंगात घालून बघायला गोवा नाहीतर पुणे-बंगळूर गाठावं लागतं, तेव्हा जाताना आपला वेटसूट बरोबर न्या. नुसत्या शर्टावर माप कळत नाही. दुकानात बीसीडी घाला, सगळे पट्टे पाण्यात लावाल तेवढेच ओढा, आणि व्हॉल्व वाजेपर्यंत फुगवायला सांगा. मग तीन-चार वेळा पोटातून खोल श्वास घ्या आणि मान दोन्ही खांद्यांकडे वळवा. त्यानंतर कमरेचा पट्टा एक बोटभर सैल करून मित्राला खांद्याचे पट्टे वर उचलायला सांगा, आणि किती चढते ते बघा. दुकानदाराच्या ओळखीनं तलावात उतरायला मिळालं तर फारच उत्तम. तिथे आपल्या नेहमीच्या शिशासकट पाच मिनिटं काही न करता नुसतं तरंगत थांबा.